रंगाची साक्ष

रंग म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं फार थोडक्यांत उरकला आहे. तर्कसंग्रह वाचलेल्या कोणत्याही विद्यार्थ्यास ठाऊक असतें कीं, जो गुण केवळ डोळ्यांनींच कळतो तें रूप, आणि त्याचे प्रकार सात: पांढरा, निळा, पिवळा, तांबडा, हिरवा, कपिश आणि चित्र. एवढ्या सात नांवांवर आमच्या वाडवडिलांचा संसार सुरळीत चालला. लुगडें घ्यावयाचें असो, बैल घ्यावयाचा असो, कीं सून पाहावयाची असो. वस्तु समोर असे, पाहणारे समोर असत, आणि उजेड सर्वांवर एकच पडलेला असे. आज संगणकाच्या पडद्यावर तांबडा, हिरवा व निळा ह्या तीन प्रकाशांच्या प्रत्येकीं २५६ पायऱ्या धरून १ कोटी ६७ लक्ष ७७ हजार २१६ रंग दाखवितां येतात. आणि नवल असें कीं, सात रंगांवर जें भांडण होत नव्हतें तें ह्या कोटी-दीडकोटी रंगांवर घरोघर होऊं लागलें आहे.

तें भांडण गेल्या वर्षीं आमच्या घरांतही शिरलें. गिरडास आम्ही तिघे भाऊ एकाच वाड्यांत राहतों; चूल अद्याप एक आहे. थोरले दादा, मधला मी, आणि धाकट्याचें कुटुंब. धाकट्याचा मुलगा पदवीनंतर शहरांत न जातां गांवांतच राहिला, व बाजाराच्या रस्त्यावर लग्नपत्रिका, फलक, शाळांचीं प्रशस्तिपत्रें इत्यादि संगणकावर रचून देण्याचें लहानसें दुकान त्यानें थाटलें. शेख फरीदांच्या टेकडीकडे यात्रेकरूंची रीघ लागते त्या दिवसांत रस्त्यालगतचे बरेच फलक त्याच्याच हातचे असतात. दादांची मुलगी उपवर झाली तेव्हां तिचें परिचयपत्र रचण्याचें काम साहजिकच ह्या चुलतभावाकडे आलें. फोटो हिंगणघाटच्या एका छायाचित्रकारानें काढला होता. परिचयपत्र तयार झालें, फोनवरून चार स्थळांकडे गेलें, आणि त्यांतल्या एका स्थळाकडची मंडळी मुलगी पाहावयास आली.

चहापोहे झाले. निघतांना मुलाच्या मामांनीं दादांना दारांत थांबवून हलक्या आवाजांत सांगितलें, “फोटोंत मुलगी गोरी दिसली होती. आधीं कळवायला हवें होतें.”

दादा शब्दाला फार जपणारे. कोणाची दिडकी अधिक आली तर दुसऱ्या दिवशीं परत नेऊन देणाऱ्या माणसास फसवणुकीचा ठपका कसा सोसावा? त्या रात्रीं त्यांनीं पुतण्यास बोलावून एवढेंच विचारलें, “माझ्या मुलीला रंग लावायला तुला कोणी सांगितलें होतें?”

“मोठे काका, मीं चेहऱ्याला हातही लावलेला नाहीं,” तो म्हणाला.

दादांचा विश्वास बसेना, आणि बसण्यासारखी परिस्थितिही नव्हती. दुकानांतल्या संगणकावर चित्रसंपादनाच्या प्रणालींत मुलगी आहे तशीच, सावळी व किंचित् तांबूस झांक असलेली, दिसत होती. तोच फोटो पत्रिका मांडण्याच्या प्रणालींत ठेवला कीं ती फिकट, रक्त उतरल्यासारखी दिसे. आणि उजेड पूर्ण वाढवून ठेवलेल्या फोनवर तो फिकटपणाच गोरेपणा होऊन बसे. दादांच्या खोलींतल्या पडद्यावर रात्रीं पाहावें तर हळद आधींच लागल्यासारखी पिवळी. आणि कागदावर छापून आणलेली प्रत पाहावी तर पार काळवंडलेली. एका मुलीचे चार वर्ण झाले. महिनाभर दादा पुतण्याशीं बोलले नाहींत. दोघे एका पंगतीला बसत, पण वाढणाऱ्या बायकांना त्या पंगतीचें ओझें वाटूं लागलें. जावाजावांत शब्दाला शब्द लागूं लागला. एकत्र कुटुंबाची चूल मोडते ती पुष्कळदां असल्याच क्षुल्लक दिसणाऱ्या संशयापासून, हें वाचकांस सांगावयास नको.

मला संगणक चालवितां येतो तो बेताचाच. परंतु जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविल्यामुळें प्रमाण कोणतें, भ्रम कोणता, व भ्रमाचें कारण कोठें आहे, हें विचारण्याची संवय अंगीं जडली आहे. मीं पुतण्यास म्हटलें, “तूं मला तुझें यंत्र समजावून दे, मी तुला प्रश्न विचारतों.” आठ दिवस संध्याकाळीं आम्ही दुकानांत बसलों. तेथें जें कळलें तें प्रत्येक घराच्या उपयोगाचें आहे, म्हणून सविस्तर लिहितों.

शोधाचा पहिला नियम असा कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. फोन, दादांचा पडदा व कागद हे तिन्ही आम्हीं बाजूस ठेविले, आणि एकाच पडद्यावर तोच फोटो दोन प्रणालींत शेजारीं शेजारीं उघडला. फरक कायम होता. पडदा एक, खोली एक, डोळे तेच. म्हणजे निदान ह्या फरकापुरता पडदा निर्दोष ठरला. रंगाचे अंक वाचून दाखविणारें एक साधन असल्या प्रणालींत असतें. त्याचें चित्र औषधाचे थेंब टाकण्याच्या नळीसारखें असतें. तें पुतण्यानें गालावरील एकाच ठिकाणीं दोन्हीकडे टेकविलें. तांबडा, हिरवा, निळा ह्या तिन्हींचे अंक दोन्हीकडे अगदीं सारखे निघाले. छायाचित्रकारानें दिलेली मूळ फाइल उघडली, तिच्याशींही ते जुळले. त्या संध्याकाळीं दादांना मीं मुद्दाम नेऊन बसविलें होतें. ते चष्मा पुसून पुढें सरकले व महिन्यांत प्रथमच पुतण्यास उद्देशून बोलले, “पुन्हां एकदां दाखव.”

अंक तेच, आणि रंग मात्र निराळे, हें कसें घडावें? येथें मला पाठशाळेंतला सैंधवाचा दृष्टान्त आठवला. सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशचा घोडाही. जेवावयास बसलेला मनुष्य “सैंधव आण” म्हणाला तर मीठ आणावें. प्रवासाची तयारी करून उभा असलेला म्हणाला तर घोडा आणावा. शब्द एकच असतो. अर्थ प्रकरणावरून ठरतो. संगणकांतले रंगाचे अंकही असेच आहेत. ‘तांबडा १५७, हिरवा १२०, निळा ९३’ हा नुसता शब्द झाला. कोणत्या तांबड्याचे १५७, कोणत्या हिरव्याचे १२०, हें सांगितल्यावांचून त्याला अर्थ नाहीं. तें सांगणारी एक लहानशी जोडचिठ्ठी फाइलीच्या पोटांत घातलेली असते. तिला प्रोफाइल म्हणतात. जी प्रणाली ती चिठ्ठी वाचते तिला मीठ कीं घोडा हें कळतें. जी वाचत नाहीं, ती आपल्या संवयीचा अर्थ धरून मोकळी होते.

ही चिठ्ठी कोणत्या मापांत लिहावयाची, हा प्रश्न बराच जुना आहे. इंग्लंडांत राइट व गिल्ड ह्या दोघां संशोधकांनीं १९२० नंतरच्या दशकांत अवघ्या १७ माणसांना रंग जुळवावयास बसवून निरीक्षणें घेतलीं. त्यांवरून आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगानें १९३१ सालीं एक ‘प्रमाण द्रष्टा’ ठरविला. द्रष्टा हा शब्द आम्हीं वेदान्तांत ऐकलेला; हा द्रष्टा मात्र सतरा जणांच्या सरासरीचा! तरीही त्याचें माप जगानें मानलें. आपल्या राष्ट्रध्वजाच्या कापडासाठीं १९५१ मध्यें जें मानक निघालें व १९६४ आणि १९६८ मध्यें सुधारलें गेलें, त्यांत रंगांचीं नुसतीं नांवें नाहींत. ते अंकांनीं बांधून दिलेले आहेत. नांदेडच्या खादी समितींत ध्वज तयार होतात त्यांचा केशरी रंग कोणाच्या लहरीवर सोडलेला नाहीं.

संगणकांच्या जगांत हा बंदोबस्त पुष्कळ उशिरां झाला. निरनिराळ्या यंत्रांनीं एकमेकांची चिठ्ठी वाचावी, म्हणून १९९३ मध्यें आठ कंपन्यांनीं मिळून आंतरराष्ट्रीय रंग-संघ स्थापिला. १९९६ मध्यें ह्युलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनीं साध्या पडद्यांसाठीं एसआरजीबी ही रंगभाषा सुचविली, आणि १९९८ मध्यें अडोबी कंपनीनें छपाईच्या सोयीची अधिक विस्तृत अशी अडोबी आरजीबी काढली. ह्या दोन भाषांत मूळचा तांबडा एकच, मूळचा निळाही एकच. हिरवा मात्र निराळा, दुसरींत तो अधिक गर्द आहे. मुलीचा चेहरा कोठें फिकट झाला, त्याचें उत्तर ह्या हिरव्यांत होतें. छायाचित्रकाराचा कॅमेरा विस्तृत भाषेवर लावलेला होता. संपादनाच्या प्रणालीनें चिठ्ठी वाचली व चेहरा खरा दाखविला. मांडणीच्या प्रणालींत चिठ्ठी वाचण्याची सोय बंद ठेवलेली होती. तिनें ते अंक साध्या भाषेंतले समजून दाखविले, त्यामुळें सर्व रंगांचें पाणी उतरलें आणि गालावरची लाली गेली. शिवाय तिच्यांतून बाहेर पडलेल्या परिचयपत्रांत चिठ्ठीच उरली नव्हती. म्हणून फोननेंही साधीच भाषा धरली. कोणीही चेहऱ्यास हात लावला नव्हता. मामांनीं पाहिला तो गोरेपणा एका न वाचलेल्या चिठ्ठीचा होता.

ह्यावर उपाय करतांना एक बारकावा सांभाळावा लागतो. संपादनाच्या प्रणालींत दोन निरनिराळ्या आज्ञा असतात. एक, चिठ्ठी ‘लावणें’: येथें अंक तसेच राहतात व त्यांचा अर्थ बदलतो. दुसरी, एका भाषेंतून दुसरींत ‘रूपांतर करणें’: येथें अर्थ तसाच राहतो व अंक बदलतात. पहिली आज्ञा, चिठ्ठी हरवलेल्या फाइलीची मूळ भाषा आपणांस निश्चित ठाऊक असेल तेव्हांच वापरावी. एरव्हीं ती म्हणजे मिठाच्या जागीं घोडा नेऊन बांधणें होय. फोनवर पाठवावयाच्या चित्रासाठीं दुसरी हवी. मूळ चिठ्ठी मानून एसआरजीबींत रूपांतर करावें, नवी चिठ्ठी आंत ठेवूनच फाइल बाहेर काढावी, आणि दुकानांतल्या सर्व प्रणालींची कामाची भाषा एकदांच एकसारखी लावून टाकावी. पुतण्यानें हें केलें, आणि दोन्ही खिडक्यांतील मुलगी एका वर्णाची झाली.

दादांच्या खोलींतला पिवळेपणा मात्र गेला नाहीं. जाण्याचें कारणही नव्हतें. तो रोग निराळा होता. कावीळ झालेल्यास पांढरा शंख पिवळा दिसतो, हा दृष्टान्त आपल्या सर्व दर्शनांत सांपडतो. शंखांत दोष नाहीं, डोळ्यांतल्या पित्तांत आहे. दादांच्या संगणकांत संध्याकाळ झाली कीं झोपेस बाधा येऊं नये म्हणून निळा प्रकाश आपोआप कमी करणारी सोय चालू होती. ती बंद करतांच निम्मा पिवळेपणा गेला. उरलेला पडद्याच्या स्वतःच्या शुभ्रबिंदूचा होता. पांढरा म्हणजे कोणता पांढरा, हें आमच्या वर्धा जिल्ह्यांतल्या लोकांस शिकवावें लागत नाहीं. हिंगणघाटच्या बाजारांत कापसाचा भाव ठरतांना पांढऱ्यांतला पिवळेपणा जाणत्या डोळ्यास लगेच दिसतो. आतां यंत्रानें कापूस तपासतात तेव्हांही त्याची चमक आणि त्याचा पिवळेपणा असे दोन निरनिराळे अंक काढतात. पडद्यांचेंही तसेंच असतें. एकाचा पांढरा निळसर, दुसऱ्याचा तांबूस. पडद्यासाठीं सामान्यतः ६५०० केल्व्हिन हा शुभ्रबिंदु धरण्याचा प्रघात आहे. पडद्याच्या कांचेवर टेकवून रंग मोजणारें एक लहान यंत्र मिळतें. तें त्या पडद्याचा स्वभाव मोजून त्याची स्वतःची चिठ्ठी तयार करतें. तें विकत घेणें प्रत्येक घरास शक्य नाहीं व आवश्यकही नाहीं. परंतु ज्याचें पोट रंगावर चालतें त्यानें तें घ्यावें, पडदा अर्धा तास तापूं द्यावा, आणि मधून मधून मोजणी पुन्हां करावी. कारण पडदेही माणसांसारखे वयानें पिवळे पडतात.

तिसरें कारण डोळ्यांच्या व पडद्याच्याही बाहेरचें आहे. जास्वंदीचें फूल जवळ ठेविलें कीं निर्मळ स्फटिक तांबडा भासतो. शास्त्रकार त्यास उपाधि म्हणतात. दुकानाची एक भिंत गर्द हिरवी होती, आणि वर ट्यूबलाइटचा निळसर उजेड होता. अशा खोलींत बसून तांबूस रंगाचा निवाडा करणें म्हणजे जास्वंदीशेजारीं बसून स्फटिक पारखणें होय. आतां पडद्यामागील भिंत फिकट राखी केली आहे, आणि प्रकाश सरळ पडद्यावर पडत नाहीं. २०१५ च्या फेब्रुवारींत एका झग्याच्या फोटोवरून साऱ्या जगांत वाद माजला होता, तो वाचकांस आठवत असेल. एकाच पडद्याकडे पाहून घरांतील निम्मीं माणसें त्यास निळा-काळा म्हणत व निम्मीं पांढरा-सोनेरी. झगा वास्तविक निळा-काळा होता. त्याच्यावर कोणता उजेड पडला आहे, ह्याविषयीं ज्याच्या मनानें जो तर्क केला, तसा रंग त्याच्या डोळ्यांस दिसला. अंक एक, पडदा एक, आणि तरीही दोन पक्ष! म्हणून रंगाच्या बाबतींत ‘मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें’ एवढी साक्ष पुरेशी होत नाहीं.

राहिला काळवंडलेला कागद. पडदा प्रकाश देतो; कागद आलेल्या प्रकाशांतून कांहीं गिळतो व उरलेला परत करतो. पडद्यावर तांबडा, हिरवा, निळा मिळवीत गेलें कीं पांढरा होतो. कागदावर आकाशी, किरमिजी व पिवळी शाई चढवीत गेलें कीं अंधार होतो, आणि वर काळी शाई असतेच. म्हणून पडद्यावरचा प्रत्येक रंग कागदावर उतरत नाहीं. एका भाषेंतला प्रत्येक शब्द दुसरींत मिळत नाहीं. मग भाषांतर करणारा जवळचा शब्द घेतो. कोणता घ्यावा हें आधीं ठरवून दिलें नाहीं, तर छापणारें यंत्र आपल्या मर्जीनें घेतें. त्यांत पडद्याचा उजेड कमाल ठेवून काम केलेलें असेल, तर कागद नेहमींच अंधारलेला वाटतो. पुतण्यानें पडद्याचा उजेड उतरविला, छापखान्याकडून त्यांच्या यंत्राची व कागदाची चिठ्ठी मागविली, छापल्यावर चित्र कसें दिसेल तें पडद्यावरच आधीं दाखविणारी सोय चालू केली, आणि एक नमुना काढून तो दिवसाच्या उजेडांत पाहिला. चेहरा पडद्याइतका तेजस्वी नव्हता, पण तो तिचाच होता.

ही अडचण आपल्या लोकांस नवी नाहीं. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या रंगीत प्रती काढणारा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत सुरू झाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथें शिळाछाप होता. प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड, आणि तोच कागद एकामागून एक त्या दगडांवर दाबावयाचा. दगड केसभर सरकला कीं रंगाची कड सुटावी, शाई पातळ झाली कीं मुद्रा उतरावी. त्र्यंबकेश्वरच्या एका शास्त्र्यांच्या घरीं १८७० मध्यें जन्मलेले दादासाहेब फाळके ह्याच छापखान्याच्या कामांतून रंगीत छपाईंत शिरले, आणि ती विद्या व तिचीं यंत्रें पाहण्यासाठीं १९०९ मध्यें जर्मनीस गेले. त्यांचा चित्रपट त्यानंतर, १९१३ सालीं आला. लहानपणीं मीं पाहिलें आहे कीं, आमच्या देवघरांतली रविवर्म्याची लक्ष्मी आणि शेजारच्या घरांतली तीच लक्ष्मी एका वर्णाच्या नव्हत्या. आमची तांबूस, त्यांची पिवळट. परंतु त्यावरून कोणी देवीस खोटी म्हटलें नाहीं, आणि तिला परतही पाठविलें नाहीं.

येथें यंत्राचा भाग संपतो, आणि मापाचा प्रश्न उरतो. रंगीत फिल्मचा काळ होता तेव्हां रंग बरोबर उतरतात कीं नाहीं हें ताडून पाहण्यासाठीं कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्यांना एक नमुनाचित्र पुरवीत असे. त्यावर गोऱ्या वर्णाची एक स्त्री असे. कंपनींतल्याच ज्या शर्ली नांवाच्या बाईवरून तें सुरू झालें, तिच्या नांवानें पुढच्या साऱ्या नमुन्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणूं लागले. तिची कांति नीट आली कीं यंत्र बरोबर लागलें असें समजत. त्या मापानें काढलेल्या चित्रांत काळ्यासावळ्या माणसांचे नाकडोळे अंधारांत बुडून जात. पुढें तक्रारी झाल्या. चॉकलेट विकणाऱ्यांनीं व लांकडी सामान विकणाऱ्यांनींही आपल्या मालाचे तपकिरी रंग नीट येत नाहींत म्हणून गाऱ्हाणें केलें. तेव्हां कोठें फिल्म सुधारली, आणि निरनिराळ्या वर्णांच्या चेहऱ्यांचे नमुने मागाहून आले. सावळा चेहरा वाईट येतो असें लोक कितीतरी वर्षें म्हणत होते. माप कोणाच्या चेहऱ्यावरून कापलें आहे, हें कोणी विचारलें नव्हतें.

हें सर्व मी दादांना समजावून सांगत होतों तेव्हां मुलगी दाराशीं उभी होती. महिनाभर घरांत तिच्याच रंगावरून वाद चालला होता, आणि तिला कोणी एक शब्दही विचारला नव्हता. ती म्हणाली, “काका, फोटो कां बिघडला तें कळलें, हें बरें झालें, दादूवरचा आळ तरी गेला. पण फोटो बिघडला नसता, तर ते मामा आले असते का?”

ह्या प्रश्नास प्रोफाइल नव्हतें. दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं पुतण्यास जवळ बोलावून पाठीवरून हात फिरविला, व मला पत्र लिहावयास बसविलें. मुलाच्या मामांना कळविलें कीं, आमच्याकडून कोणतीही फसवणूक झालेली नाहीं. चित्राचा रंग कां बदलला ह्याचें कारण अमुक. खरें चित्र सोबत पाठवीत आहों. आणि पुढील बोलणें करण्याची आमची इच्छा नाहीं. पत्राचें उत्तर आलें नाहीं, व त्याची वाटही कोणी पाहिली नाहीं.

परिचयपत्र नव्यानें झालें. सकाळीं दहाच्या सुमारास अंगणांतल्या निंबाच्या सावलींत पहिला फोटो मुलीच्या हातांत एक राखी रंगाचें कार्ड देऊन काढला, म्हणजे त्या कार्डावरून उजेडाचा रंग पारखतां येतो. मग कार्ड बाजूस करून दुसरा काढला. सजवणूक कांहीं नाहीं. पत्रांत जन्मतारीख, शिक्षण, उंची ह्यांच्या खालीं ‘वर्ण’ म्हणून जी ओळ असते, तिच्याशीं येतांच पुतण्या थांबला व बहिणीकडे पाहूं लागला. “ती ओळच काढून टाक,” ती म्हणाली. त्यानें दादांकडे पाहिलें. दादा म्हणाले, “ती सांगते तसें कर.” आमच्या घरांतून गेलेल्या आजपर्यंतच्या सर्व परिचयपत्रांत ती ओळ होती; माझ्या बहिणींच्या वेळीं तर ती नांवाखालोखाल असे.

लग्न अद्याप ठरलेलें नाहीं. मुलगी वर्ध्यास नोकरीला जाते व शनिवारीं घरीं येते. दादा दुपारची झोप टाकून आतां पुतण्याच्या दुकानांत जाऊन बसतात. कोणी पत्रिकेचा रंग ठरवावयास आला, कीं पुतण्यानें सांगण्यापूर्वीं तेच त्याला सांगतात, “पडद्यावर पाहून हो म्हणूं नका. नमुना छापून घ्या, बाहेर उजेडांत न्या, आणि मग बोला.”